रखमाबाई आणि एडिथ : दोन डॉक्टरांच्या मैत्रीची गोष्ट

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेली ही मुलगी बावीस वर्षांचीही झाली नव्हती. डॉक्टर म्हणून काम सुरू करण्याआधीच क्षयाने तिचा बळी घेतला. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबईच्या उच्च न्यायालयात आणखी एका बावीस वर्षांच्या मराठी मुलीचा निकाल लागला. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा तो निकाल होता. मुलीने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. तिचे नाव रखमाबाई. पुढे पस्तीस वर्षे तिने डॉक्टर म्हणून काम केले.

भारतातील पहिली स्त्री डॉक्टर कोण, यावर दरवर्षी समाजमाध्यमांवर वाद होतात. आनंदीबाई, कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली आणि रखमाबाई ही तिन्ही नावे पुढे येतात. या वादात फारसे काही हाती लागत नाही. रखमाबाई डॉक्टर कशा होऊ शकल्या आणि तुरुंगाच्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांना कोणी साथ दिली, हे समजून घेतले तर आजच्या कार्यकर्त्याला उपयोग होईल. त्या साथीदारांमध्ये एक डॉक्टर मैत्रीण होती. डॉ. एडिथ पेची तिचे नाव. स्त्री म्हणून वैद्यकीय शिक्षणात झालेला भेदभाव तिने आधी स्वतः सोसला होता.

सुताराच्या घरातली मुलगी

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार जातीतील कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग रखमा अडीच वर्षांची असतानाच वारले. आई जयंतीबाई तरुण विधवा. ब्राह्मण घरात अशा बाईच्या वाट्याला केशवपन आणि अंधारी खोली आली असती. पण सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची रीत होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर करून दिली. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढच्या खटल्यात या मालमत्तेची सावली सतत दिसते.

सावत्र वडील हे रखमाबाईंचे पहिले गुरू. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजमधून तयार झालेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. त्या काळात देशी डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याची जागा ठरलेली होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसची परीक्षा १८५५ पासून सर्वांना खुली झाली होती, पण ती व्हायची लंडनला. समुद्र ओलांडण्याची ऐपत नसलेल्या देशी डॉक्टरांना गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली दुय्यम पदांवर काम करावे लागे. कागदावर दार उघडे आणि प्रत्यक्षात उंबरठा सात समुद्रांपलीकडे, असा हा प्रकार. आरक्षित जागा भरायला पात्र उमेदवारच मिळत नाहीत, हे उत्तर ऐकलेल्या आपल्या तरुणांना तो नवा वाटणार नाही.

रखमा अकरा वर्षांची असताना तिचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावले गेले. ती सासरी गेली नाही, माहेरीच राहिली. दादाजीने शिकावे आणि उभे राहावे, अशी सखाराम अर्जुन यांची अपेक्षा होती. दादाजी शिकला नाही. त्याची प्रकृती खालावली आणि तो मामाच्या घरी राहू लागला. इकडे रखमा मात्र मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरीच शिकत राहिली. वडिलांचे डॉक्टर मित्र, सुधारक, विद्वान घरी येत. त्यांच्या गप्पा ऐकत ती मोठी झाली. डॉक्टर व्हावे, ही इच्छा त्या घरात रुजली.

खटला

१८८४ साली दादाजीने कोर्टात दावा लावला. बायकोला नांदायला पाठवा, अशी त्याची मागणी होती. कायद्याच्या भाषेत याला वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना म्हणतात. दावा चालू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. वीस वर्षांच्या रखमाबाई आणि त्यांची आई एकट्या पडल्या.

रखमाबाई गप्प बसल्या नाहीत. १८८५ मध्ये एक हिंदू स्त्री या टोपणनावाने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियाला पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे तुटते, शरीर आणि मन कसे खचते, विधवेच्या वाट्याला काय येते, हे त्यांनी मांडले. आपल्या संमतीशिवाय, अजाण वयात झालेल्या लग्नाने आपण बांधल्या जाऊ शकत नाही, ही त्यांची न्यायालयातील भूमिका होती. आज हे साधे वाटते. त्या काळात एका स्त्रीने भर कोर्टात असे म्हणणे म्हणजे भूकंप होता.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. असा दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. सनातन्यांनी गहजब केला. लोकमान्य टिळकांच्या केसरी आणि मराठा या पत्रांनी रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली. धर्मात सरकारची ढवळाढवळ नको, हा त्यांचा मुद्दा. गंमत अशी की धर्म वाचवण्यासाठी हे लोक ज्या हत्याराला कवटाळत होते ते इंग्रजांच्या चर्चचे होते. खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटने १८८४ साली कायदा बदलून या कारणासाठी तुरुंगात टाकणे बंद केले होते. इंग्लंडमधली बाई तुरुंगातून सुटली आणि मुंबईतल्या बाईला मात्र त्याच नियमाखाली तुरुंग दाखवला जात होता. वसाहतीचा कायदा आणि जातीची रूढी, दोघांची इथे युती झाली होती.

अपिलात निकाल फिरला. १८८६ मध्ये खटला पुन्हा खालच्या पायरीवर आला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी तो आदेश दिला. रखमाबाईंच्या मदतीसाठी मुंबईत बचाव समिती उभी राहिली होती. बेहरामजी मलबारींसारख्या पत्रकारांनी आणि पंडिता रमाबाईंनी त्यांची बाजू घेतली. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकुमाची अंमलबजावणी करणार नाही असे कबूल केले. व्हिक्टोरिया राणीने हे लग्न रद्द केले, अशी एक कथा आजही फिरते. तसे काही घडले नाही. रखमाबाईंनी आपले स्वातंत्र्य अक्षरशः रोख पैसे मोजून सोडवले. लग्न कायद्याने तसेच राहिले. दादाजीने पुढच्या वर्षी दुसरे लग्न केले. त्याला कोणी अडवले नाही.

एडिथची वाट

आता दुसऱ्या मैत्रिणीकडे वळू. एडिथ पेचीचा जन्म १८४५ चा, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातला. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि इतर मैत्रिणींसोबत तिने एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळवला. सात जणींचा तो गट पुढे एडिंबरा सेव्हन म्हणून प्रसिद्ध झाला. १८७० मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदाच बसलेल्या विद्यार्थ्यांमध्ये एडिथ सर्वात पुढे होती. नियमाप्रमाणे होप शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. प्राध्यापकाने ती तिच्यापेक्षा कमी गुण असलेल्या मुलाला दिली. बायका वेगळ्या वर्गात शिकतात, म्हणून त्या खऱ्या विद्यार्थिनीच नाहीत, असे कारण दिले गेले. आधी वेगळे बसवायचे आणि मग वेगळे बसतात म्हणून हक्क नाकारायचा.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी या मुली शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा सर्जन्स हॉलसमोर जमावाने त्यांची वाट अडवली. त्यांच्यावर चिखलफेक झाली. त्या तशाच आत गेल्या आणि परीक्षा दिली. एवढे होऊनही विद्यापीठाने त्यांना पदवी दिली नाही. एडिथने स्वित्झर्लंडमधील बर्न येथून १८७७ मध्ये एम.डी. केले आणि त्याच वर्षी डब्लिनहून परवाना मिळवला. मागे राहिलेल्या मुलींना पुन्हा ही पायपीट करावी लागू नये म्हणून सोफिया जेक्स-ब्लेक यांनी पुढाकार घेऊन १८७४ मध्ये लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन सुरू केले होते. दार बंद केले तर स्वतःचे घर बांधायचे, हा त्यांचा मार्ग.

तेव्हा मुंबईत स्त्रियांच्या उपचाराचा प्रश्न पेटला होता. परपुरुषाने तपासू नये म्हणून असंख्य बायका उपचाराविना मरत. सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी निधी उभारला. ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे १८८३ मध्ये मुलींना उघडली. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांचे रुग्णालय उभे राहू लागले. ते चालवण्यासाठी एडिथ पेचीला बोलावले गेले. ती १८८३ च्या अखेरीस मुंबईत आली, हिंदी शिकली आणि कामाला लागली. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झाले. तिथे तिने परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. समान कामाला समान वेतन मिळावे यासाठी ती भांडली. बालविवाहाविरुद्ध तिने जाहीर व्याख्यान दिले. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर गेलेली ती पहिली स्त्री.

आज कर्जत किंवा खोपोलीहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरले की कामा हॉस्पिटल चालत गाठता येते. आपल्या भागातील किती बायकांची बाळंतपणे तिथे झाली असतील! त्या इमारतीच्या पायात या दोन मैत्रिणींची गोष्ट आहे.

मैत्री म्हणजे काय केले?

दोघींची ओळख होण्यासारखी वर्तुळे जवळजवळची होती. सप्टेंबर १८८३ मध्ये मुंबईत निसर्ग अभ्यासकांची संस्था, म्हणजे आजची बीएनएचएस, आठ जणांनी मिळून स्थापन केली. त्या आठांत डॉ. सखाराम अर्जुन होते आणि हर्बर्ट फिप्सनही होते. याच फिप्सन यांच्याशी एडिथने १८८९ मध्ये लग्न केले. एका बाजूला सुताराच्या घरातली, कोर्टाने आणि वर्तमानपत्रांनी बदनाम केलेली तरुणी. दुसऱ्या बाजूला तिच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी, गोरी, नावाजलेली डॉक्टर. या मैत्रीत बरोबरी नव्हती, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. एक राज्यकर्त्या जमातीतली, दुसरी गुलाम देशातली.

पण जिच्याकडे जास्त ताकद होती तिने त्या ताकदीचे काय केले, ते पाहा. रखमाबाईंना डॉक्टर व्हायचे आहे हे कळल्यावर एडिथने नुसते कौतुक केले नाही. तिने प्रोत्साहन दिले आणि पैसा उभा करायला हातभार लावला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिल्याची नोंद आहे. इंग्लंडमध्ये खासदार वॉल्टर मॅक्लारेन आणि त्यांच्या पत्नी इव्हा यांनी रखमाबाईंना आधार दिला. आणि रखमाबाई गेल्या कुठे? लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये. एडिथच्या सोबतिणीने, एडिंबरात अपमान सोसल्यावर, जे घर बांधले होते त्याच घरात. एका मैत्रिणीच्या लढाईतून तयार झालेली संस्था दुसऱ्या मैत्रिणीच्या कामी आली.

धम्मात कल्याणमित्र असा एक सुंदर शब्द आहे. चांगल्या वाटेवर आपल्याला पुढे नेणारा मित्र. कल्याणमित्र नुसता अश्रू पुसत नाही, तो वाट दाखवतो आणि वाटेची शिदोरीही बांधून देतो. एडिथने तेच केले. तिने शिष्यवृत्ती गमावली होती, रखमाबाईंसाठी तिने शिष्यवृत्तीची सोय पाहिली. तिच्या वाटेत जमाव उभा राहिला होता, रखमाबाईंच्या वाटेत तिने माणसे उभी केली.

सुरत ते राजकोट

१८८९ मध्ये गेलेल्या रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या. रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये त्यांनी प्रत्यक्ष रुग्णांवरील शिक्षण घेतले होते. परतल्यावर १८९५ पासून त्यांनी सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा घेतली. तिथे त्या बावीस वर्षे राहिल्या.

सुरुवातीला बाळंतपणासाठी बायका रुग्णालयात यायलाच तयार नव्हत्या. इमारत होती, औषधे होती, स्त्री डॉक्टर होती, पण विश्वास नव्हता. रुग्णालयात गेले की बाई परत येत नाही, ही भीती घरोघर होती. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिचे बाळंतपण सुखरूप केले आणि लोकांची भीती घालवली, अशी आठवण त्यांच्याबद्दल सांगितली जाते. हसू येते, पण त्यामागची समज मोठी आहे. रुग्ण अडाणी आहे म्हणून त्याच्यावर ओरडायचे नाही. त्याच्या भीतीचे कारण शोधायचे आणि त्याला समजेल अशा रीतीने ते दूर करायचे. आजही पाड्यावरची बाई दवाखान्यात का येत नाही, याचे उत्तर तिच्या अंधश्रद्धेत शोधण्याआधी तिथे तिच्याशी कोण कसे बोलते ते तपासावे.

१९०४ मध्ये दादाजी वारला. त्यानंतर रखमाबाई विधवेची पांढरी वस्त्रे नेसू लागल्या. ज्या नवऱ्याला त्यांनी कोर्टात नाकारले त्याच्यासाठी हे का, असा प्रश्न पडतो. त्यांच्या आयुष्यातला हा विरोधाभास आपण झाकू नये. ज्या समाजातल्या बायका आपल्याकडे यायला हव्यात त्या समाजाच्या नजरेत राहून काम करणे, हा एकटीने जगणाऱ्या स्त्री डॉक्टरपुढचा रोजचा प्रश्न होता. कोर्टात जिंकलेली लढाई गल्लीत पुन्हा लढावी लागते, हे आपल्या आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्यांना चांगले ठाऊक आहे.

सुरतनंतर सरकारच्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याची संधी त्यांना होती. त्यांनी ती नाकारली आणि काठियावाडातील राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम पत्करले. १९२९ च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत त्या तिथे होत्या. राजकोटमध्ये त्यांनी रेड क्रॉसचे काम उभे केले. निवृत्तीच्या सुमारास पडदा पद्धत संपवली पाहिजे, असे सांगणारी पुस्तिकाही लिहिली.

त्याच काठियावाडात, त्याच १९२९ साली

इथे थांबून एक दुसरी घटना वाचली पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्या वेटिंग फॉर अ व्हिसा या लिखाणात ती नोंदवली आहे. काठियावाडातील एका खेड्यात अस्पृश्य मुलांच्या शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. नगरशेठची मध्यस्थी झाल्यावर, अस्पृश्यांच्या वस्तीबाहेर आणून दाखवाल तर तपासतो, या अटीवर तो आला. त्याने तापमापक एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. डॉक्टरने हात न लावताच न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि औषध पाठवले. पुढे प्रकृती बिघडल्यावर तो आलाच नाही. ती बाई मेली. तिच्या नवऱ्याचे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये यंग इंडियात छापून आले होते.

रखमाबाईंचे रुग्णालय याच प्रदेशात होते. स्त्री म्हणून असलेली भिंत तिथे त्यांनी पाडली होती. पण खेड्यातल्या अस्पृश्य बाळंतिणीपर्यंत पोहोचायला आणखी एक भिंत होती, जातीची. एक भिंत पडली म्हणून दुसरी आपोआप पडत नाही. स्त्रियांसाठी रुग्णालय उभे करणे आणि अस्पृश्य स्त्रीला त्या रुग्णालयात माणूस म्हणून हात लागणे, या दोन लढाया आहेत. दुसरी लढाई बाबासाहेबांनी आपल्या शिरावर घेतली.

आणि दोन्ही लढायांचे मूळ एकच आहे, हेही त्यांनीच दाखवले. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीअंतर्गत विवाह टिकवण्याची साधने आहेत. मुलगी स्वतःच्या मनाने निवड करण्याआधीच तिचे लग्न उरकले की जातीची भिंत शाबूत राहते. रखमाबाईंचा खटला या नजरेतून वाचला तर कळते की सनातनी एवढे का चवताळले होते. एका बाईने नांदायला नकार देण्यात त्यांना अख्खी व्यवस्था हलताना दिसत होती.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. बाळंतिणीच्या विश्रांतीची जबाबदारी मालकाने आणि सरकारने घ्यावी, ही मागणी आरोग्याच्या हक्काचीच मागणी होती.

दोघींचा शेवट

एडिथने १८९४ मध्ये प्रकृतीमुळे कामा हॉस्पिटलमधून निवृत्ती घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ती पुन्हा कामाला उतरली. नाशिकजवळ स्त्रिया आणि मुलांसाठी आरोग्यधामही या दाम्पत्याने उभे केले. १९०५ मध्ये ती इंग्लंडला परतली आणि १९०८ मध्ये कर्करोगाने वारली. तिच्या पतीने लंडनच्या त्याच वैद्यकीय विद्यालयात तिच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. जिची शिष्यवृत्ती हिसकावली गेली तिच्या नावाने इतर मुली शिकल्या.

रखमाबाईंना मोठे आयुष्य लाभले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले होते. त्याच बिलाचा एक तुकडा पुढे कायदा म्हणून आला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोट मागण्याचा हक्क देशभर मिळाला. रखमाबाईंना तारुण्यात जो हक्क पैसे मोजूनही पुरता मिळाला नव्हता, तो कायद्यात उतरलेला त्यांनी मृत्यूच्या चार महिने आधी पाहिला.

पण त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना आजही आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहांनाही हाच कायदा लागू होतो. म्हणजे रखमाबाईंचा खटला आपल्या घरापासून फार दूर नाही.

आपल्यासाठी

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. जळगावच्या आदिवासी तडवी समाजातील ही सव्वीस वर्षांची मुलगी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. रखमाबाईंनी ज्या शाखेत आयुष्य घालवले, तीच ही शाखा. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. पण वसतिगृहात, वॉर्डात, रात्रपाळीत अशा मुलीच्या शेजारी कोण उभे राहते, हा प्रश्न आपल्याला आजच विचारायचा आहे.

कर्जत-खालापूरमधून आता अनेक मुली नर्सिंगला, बीएएमएसला, बीएचएमएसला, काही एमबीबीएसलाही जातात. बौद्ध वस्तीतल्या, ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या मुली आशा म्हणून काम करतात. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या वाडीवरून गरोदर बाईला झोळीत घालून खाली आणावे लागते, हे इथे कोणाला सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांनाही डोंगर चढूनच वर पोहोचावे लागले. अशा ठिकाणी काम करणाऱ्या मुलीला रुग्णालयातही आडनावावरून तोलले जात असेल, तर ती दोन्हीकडून दमते.

एडिथ आणि रखमाबाईंच्या मैत्रीतून आपल्याला करता येण्यासारख्या गोष्टी निघतात. शहरात शिकायला गेलेल्या प्रत्येक मुलीचा संपर्क त्याच क्षेत्रात आधी गेलेल्या निदान एका ताईशी जोडून द्यावा. त्रास झाला तर तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि मैत्रिणीने साक्षीदार म्हणून सही करावी. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहे, पण साक्षीदार नसेल तर कायदा कागदावर राहतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेचे अर्ज विहारात बसून एकत्र भरावेत, कारण पैशाअभावी सुटलेले वर्ष पुन्हा मिळत नाही. आणि ज्यांच्याकडे आज पद आहे, डॉक्टरकीचा अनुभव आहे, त्यांनी ते वजन मागे असलेल्या मुलीसाठी वापरावे. जातीवरून टोमणा कानावर आला की तिथल्या तिथे बोलावे. ज्येष्ठाने त्या क्षणी काढलेला एक शब्द कनिष्ठाच्या दहा अर्जांना बळ देतो.

नोव्हेंबरच्या २२ तारखेला रखमाबाईंची जयंती असते. यंदा आपल्या विहारात त्या दिवशी परिसरातील परिचारिका, आशा ताई आणि वैद्यकीय विद्यार्थिनींना बोलावू या. हार-तुरे थोडे कमी करू. त्यांना कुठे काय सोसावे लागते ते आधी ऐकून घेऊ, आणि त्यातल्या किमान एका अडचणीची जबाबदारी तिथेच कोणीतरी नाव देऊन घेऊ.

जय भीम!